पूर्णगडची चढण आणि उतरणीचे भान

रत्नागिरी जिल्ह्यात पावसच्या दक्षिणेला मुचकुंदी नदी समुद्राला मिळते. तिच्या मुखाशी एका लहानशा टेकडीवर पूर्णगड उभा आहे. रायगड-सिंधुदुर्गासारखी पर्यटकांची रीघ येथे नसते. गावातून वाट वर जाते, गडाच्या दरवाजाजवळ मारुतीचे देऊळ लागते आणि आत शिरून समुद्राकडील दारात उभे राहिले की समोर अथांग सागर पसरलेला दिसतो. चढण थोडकी असल्याने सत्तरी गाठलेल्या वाचकांनाही ती खुणावते. मात्र अशा एकांतातील टेकडीवर जाताना एक गोष्ट मनाशी पक्की असावी : आपली वाटचाल माथ्यावर नव्हे, पायथ्याशी परतल्यावर संपते.

चढताना दम लागतो, म्हणून आपण आपोआप थांबतो. उतरताना श्वास सुखावतो आणि सावधपणा सुटतो. वास्तविक उतरणीवर मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार सावरतात आणि गुडघ्यांवरील ताणही वाढतो. थकलेले स्नायू नेमके तेथेच दगा देतात. त्यातच पावसाळ्यात जांभा दगड शेवाळाने निसरडा होतो, तर उन्हाळ्यात कातळ तापतो. म्हणून हिवाळ्यातील सकाळ निवडावी आणि निम्म्याहून अधिक बळ परतीसाठी राखून ठेवावे.

हे बळ ओळखावे कसे? चालता चालता पूर्ण वाक्य बोलता येत नसेल, तर थांबावे. रक्तदाबाच्या व हृदयविकाराच्या काही गोळ्यांमुळे नाडीची गती फारशी वाढत नाही. त्यामुळे केवळ नाडीवर विसंबू नये. वयोमानानुसार तहानही कमी जाणवते, म्हणून तहानेची वाट न पाहता घोट घोट पाणी प्यावे. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असल्यास पाण्याचे प्रमाण आधीच डॉक्टरांना विचारावे. मधुमेहींनी बंद बूट घालावेत आणि खिशात साखर ठेवावी.

काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. उतरताना आधी काठी, मग दुखरा पाय आणि शेवटी चांगला पाय खाली टाकावा. सोबत्याने एक पायरी खाली, किंचित बाजूला राहावे. छातीत दडपण, जबड्यात वा हातात कळ, थंड घाम यांपैकी काहीही जाणवले, तर रुग्णाला जागीच बसवावे, चालत खाली आणू नये आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

सर्वांत महत्त्वाचा करार निघण्यापूर्वीच करावा. 'आता मागे फिरू या' असे दोघांपैकी कोणीही म्हटले, की दुसऱ्याने वाद घालू नये. 'एवढ्यावर आलो, थोडेच राहिले' हा आग्रह प्रेमापोटी होतो. पण त्याची किंमत उतरणीवर थकलेल्या पायांना मोजावी लागते. आई-बाबांनीही मुलांना वाईट वाटेल म्हणून थकवा लपवू नये. मारुतीच्या देवळापासूनच परतलात तरी सकाळ वाया जात नाही. सुखरूप परतलेल्या पावलांना ती वाट पुन्हा चढता येते.