गाचाच्या दुकानात आधी काय घ्यावं?

"अबे, दुकानात पाच गुलाबी गोळे दिसून राह्यले, घेऊ का?"

हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी विचारला जातो. विचारणारे बहुतेक फर्स्ट इयरचे असतात. कधी मेसच्या रांगेत, कधी राजापेठ बस स्टँडवर गावाच्या गाडीची वाट पाहताना. प्रत्येकाला वेगळं वेगळं समजावून तोंड दुखलं, म्हणून म्हटलं एकदाच लिहून टाकावं. ज्यांना गेममध्ये रस नाही त्यांनी (आणि आपल्या सरांनीही!) थोडा धीर धरून वाचावं. यात गणित आहे, आणि घरून येणाऱ्या पैशाचा प्रश्नही आहे.

आधी 'गाचा' म्हणजे काय ते पाहू. जपानात नाणं टाकून मूठ फिरवली की प्लॅस्टिकच्या गोळ्यातून खेळणं पडतं, अशी यंत्रं असतात. मूठ फिरवताना 'गाचा-गाचा' असा आवाज होतो, त्यावरून हे नाव पडलं. आपल्याकडच्या किराणा दुकानातला चिठ्ठ्यांचा पुठ्ठा आठवा. रुपया द्यायचा, चिठ्ठी फाडायची, नंबर निघाला तर बक्षीस, नाहीतर एक गोळी. सगळ्यात वर लटकवलेली ती मोठी गाडी कुणालाच निघत नसे, पण पुठ्ठा मात्र संपायचा. गाचा गेम म्हणजे हाच पुठ्ठा, फक्त कधीच न संपणारा.

उदाहरणासाठी मी 'गेन्शिन इम्पॅक्ट' घेतो. शांघायच्या मिहोयो कंपनीचा हा गेम २८ सप्टेंबर २०२० रोजी आला. फुकट खेळता येतो, आणि त्याचं दुकान एकदा समजलं की बाकीच्या गाचा गेमची दुकानंही समजतात. नावं बदलतात, हिशेब तोच राहतो.

एक चिठ्ठी फाडायला एक 'फेट' लागतो. तो १६० प्रिमोजेम्सना मिळतो. गुलाबी (इंटरट्वाइंड) फेट मर्यादित काळाच्या बॅनरवर चालतो, निळा (अक्वेंट) कायमच्या बॅनरवर. पंचतारांकित पात्र निघण्याची शक्यता दर वेळी ०.६ टक्के. म्हणजे हजारात सहा! नुसत्या याच दरावर सोडलं असतं तर ९० चिठ्ठ्या फाडूनही रिकाम्या हाताने परत येणारे किती असते? कॅल्क्युलेटर घ्या आणि ०.९९४ चा ९० वा घात काढा. उत्तर ०.५८ च्या आसपास येतं. शंभरातले अठ्ठावन्न जण रिकामे! असं झालं तर लोक गेम सोडून देतील. म्हणून कंपनीने 'पिटी' ठेवली आहे : ९० व्या चिठ्ठीपर्यंत एक पंचतारांकित मिळणारच. साधारण ७४ व्या चिठ्ठीपासून शक्यता झपाट्याने वाढते, हे खेळणाऱ्यांनी लाखो नोंदी जमवून शोधून काढलं. हे सगळं धरून कंपनी स्वतःच सरासरी दर १.६ टक्के सांगते. म्हणजे सरासरी साडेबासष्ट चिठ्ठ्या, गुणिले १६०, बरोबर १०,००० प्रिमोजेम्स.

हा दहा हजारांचा आकडा लक्षात ठेवा, पण त्यावर विसंबू नका. कारण निघालेलं पंचतारांकित पात्र तुम्हाला हवं तेच असेल असं नाही. बॅनरवरचं पात्र आणि दुसरंच कुणीतरी यांच्यात जवळजवळ नाणेफेक असते (ऑगस्ट २०२४ च्या ५.० आवृत्तीपासून पारडं थोडंसं आपल्या बाजूला झुकलंय, साधारण ५५-४५). नाणेफेक हरलात तर पुढचं पंचतारांकित मात्र हमखास बॅनरवरचं. म्हणजे सगळ्यात वाईट नशिबात १८० चिठ्ठ्या, २८,८०० प्रिमोजेम्स. सरासरीवर बेत आखणारा माणूस आणि वाईटात वाईट धरून आखणारा माणूस यांच्यात फरक पडतो तो इथेच. पूल बांधताना आपण सरासरी ट्रकचं वजन धरत नाही ना? तसंच.

आता दुकान.

आमच्या वऱ्हाडात मृग जवळ आला की घरातला पैसा आधी कुठे जातो? बियाणं, मग खत. बैलाचा साज, घराचा रंग, पोरीची नवी सायकल हे सगळं नंतर. बियाण्याला तारीख असते, रंगाला नसते. पेरणीचा आठवडा गेला की मग कितीही पैसा हातात असो, त्याचा उपयोग नाही. गेमच्या दुकानातही मी एवढंच पाहतो : ही वस्तू उशिरा मिळेल का? दुसरीकडे कुठे मिळते का? दोन्हीचं उत्तर 'नाही' असेल तर ती आधी घ्यायची.

या मापाने पाइमॉनच्या दुकानातला 'स्टारडस्ट'चा कप्पा बघा. स्टारडस्ट म्हणजे पुठ्ठ्यातल्या त्या गोळ्या. तीन ताऱ्यांचं प्रत्येक फालतू शस्त्र निघालं की १५ स्टारडस्ट मिळतं. दहा चिठ्ठ्यांत साधारण नऊ वेळा फालतूच निघतं, म्हणजे १३५. दर महिन्याच्या १ तारखेला या कप्प्यात ५ गुलाबी आणि ५ निळे फेट येतात, प्रत्येकी ७५ ला. महिना संपला की न घेतलेले गेले, पुढच्या महिन्यात दहाचे वीस होत नाहीत. म्हणून पहिले पाच गुलाबी, मग पाच निळे, आणि मग उरलंच तर बाकीचं. दहाही घ्यायला ७५० स्टारडस्ट लागतं, तेवढं जमायला पन्नास-पंचावन्न चिठ्ठ्या. त्यामुळे नव्या पोराला सगळे दहा परवडत नाहीत, आणि त्यातही तो त्याच कप्प्यातला मोरा (गेममधली चिल्लर) आणि पुस्तकं उचलून बसतो. मोरा तर जमिनीतून रोज फुलं फोडून मिळतो, बाबा! त्याला स्टारडस्ट कायले?

दुसरा कप्पा 'स्टारग्लिटर'चा. हे जरा दुर्मिळ : चार ताऱ्यांचं शस्त्र निघालं की २, पाच ताऱ्यांचं निघालं की १०, पात्र दुसऱ्यांदा निघालं तरी तसंच. इथे ५ ला एक फेट मिळतो, आणि दर महिन्याला बदलणारी चारतारांकित पात्रं ३४ ला. सगळे जाणकार सांगतात, फेटच घ्या. माझं मत थोडं वेगळं आहे. तुमच्याकडे बेनेट किंवा शिंगच्यू नसेल आणि त्या महिन्यात तो दुकानात आला असेल, तर ३४ देऊन घेऊन टाका. ३४ स्टारग्लिटरमध्ये सहाच फेट येतात, आणि सहा फेटमध्ये पंचतारांकित निघण्याची शक्यता, पिटी जवळ नसेल तर, चार टक्क्यांच्याही खालीच. उलट हा बेनेट पुढची कित्येक वर्षं कुठल्याही टीममध्ये बसतो. ज्यांच्याकडे दोघंही आहेत त्यांनी खुशाल फेट घ्यावेत.

प्रिमोजेम्सचं काय? त्यांना हातच लावू नका. १६० ला एक फेट हा दर रोज असतो, त्याला ना तारीख ना मर्यादा. प्रिमोजेम म्हणजे रोख, फेट म्हणजे घेऊन ठेवलेला माल. रोख शेवटच्या क्षणापर्यंत रोखच राहू द्यावी. आणि प्रिमोजेम्स देऊन निळा फेट कधीच घेऊ नये. निळे फेट गेम पातळी वाढताना आपणहून देत असतो.

आता रेझिन. ही गेममधली मेसची कुपनं समजा. दर ८ मिनिटांना एक येतं, दिवसाला १८०, आणि जून २०२४ पासून २०० पर्यंत साठतं (आधी १६० च साठायचं). रिकामं झाल्यापासून भरायला २६ तास ४० मिनिटं. म्हणजे दिवसातून एकदा उघडलं तरी काही वाया जात नाही. वर्कशॉपमध्ये बसून दर तासाला मोबाइल बघणाऱ्यांनी हे विशेष वाचावं. ५० प्रिमोजेम्स देऊन ६० रेझिन भरून घेता येतं, ते स्वस्त वाटतं. रोज केलं तर महिन्याला १,५०० प्रिमोजेम्स, म्हणजे नऊ चिठ्ठ्या गेल्या. फुकट खेळणाऱ्याने या वाटेला जाऊ नये. रेझिन खर्चतानाही घाई नको : पात्राची पातळी, मग शस्त्र, मग कौशल्यं. आर्टिफॅक्टच्या मागे अॅडव्हेंचर रँक ४५ च्या आधी लागू नये, कारण डोमेनमध्ये पंचतारांकित आर्टिफॅक्टची हमी तिथूनच मिळते. त्याआधी जमवलेलं सगळं पुढे भंगारात जातं.

इव्हेंटच्या दुकानांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. त्यात मुकुट (क्राउन) असेल तर पहिला, इव्हेंटचं शस्त्र आणि त्याची वाढ दुसरी, मोरा सगळ्यात शेवटी.

इथपर्यंत सगळं फुकटात झालं. आता खऱ्या पैशाचं बोलू, कारण खरी गंमत (आणि खरी गडबड) तिथेच आहे.

आमच्या मजल्यावरच्या एका मुलाने मागच्या वर्षी एका गेममध्ये (नाव नको) रात्री दोनला मेसचे पैसे टाकले. एकदम नाही. आधी थोडे, मग "आता जवळ आलंय" म्हणून आणखी थोडे, असं करत पूर्ण महिन्याची मेस गेली. हवं ते पात्र निघालं नाहीच. पुढचे वीस दिवस तो आम्हा चौघांच्या डब्यात जेवला. घरी सांगितलं नाही, कारण त्या वर्षी सोयाबीन भिजलं होतं आणि घरच्यांनी ते पैसे कसे पाठवले होते हे त्याला माहीत होतं. त्याला कुणी मूर्ख म्हणू नये. तो आमच्या बॅचमधला हुशार पोरगा आहे, प्रोबॅबिलिटीत त्याला माझ्यापेक्षा जास्त मार्क आहेत. पण रात्री दोनला बायनॉमियल वितरण कुणाला आठवतं?

म्हणून हिशेब दिवसा करून ठेवावा. गेन्शिनमधला सगळ्यात मोठा पॅक शंभर डॉलरचा, म्हणजे साडेआठ हजार रुपयांच्या पुढचा. त्यात (पहिल्या खरेदीची दुप्पट सूट सोडून) ६,४८० अधिक १,६००, असे ८,०८० क्रिस्टल मिळतात. भागिले १६०, पन्नास चिठ्ठ्या. वर काढलेली सरासरी साडेबासष्ट होती! म्हणजे इतके पैसे टाकूनही सरासरीने एकही पंचतारांकित हाती येत नाही, आणि वाईट नशिबात तर असे साडेतीन पॅक लागतात.

याउलट पाच डॉलरचा वेल्किन मून. त्यात लगेच ३०० क्रिस्टल आणि पुढचे ३० दिवस रोज ९० प्रिमोजेम्स, एकूण ३,०००. त्याच पाच डॉलरच्या साध्या पॅकमध्ये ३३० मिळतात. जवळपास नऊ पट फरक. अर्थात कंपनी धर्मादाय करत नाही. रोज लॉगिन केलं तरच ते ९० मिळतात, चुकलेला दिवस बुडाला. म्हणजे किंमत पैशात कमी आणि सवयीत जास्त. सेमिस्टर परीक्षेच्या महिन्यात मी तो घेत नाही. बॅटल पास दहा डॉलरचा. तो घ्यायचाच असेल तर शेवटच्या आठवड्यात घ्या. आधी फुकट पातळ्या पूर्ण करा, मागची सगळी बक्षिसं नंतरही मिळतात. पन्नासपर्यंत पोचलातच नाही तर पैसे वाचले.

बाकी, यातली कुठलीच वस्तू आपल्या मालकीची नसते हेही माहीत असावं. निन्टेन्डो आणि सायगेम्सचा 'ड्रॅगालिया लॉस्ट' २०१८ मध्ये आला आणि ३० नोव्हेंबर २०२२ ला बंद झाला. लोकांनी चार वर्षं जमवलेली पात्रं त्या दिवशी संपली. आपल्याकडे पबजी मोबाइलवर २ सप्टेंबर २०२० ला बंदी आली, तेव्हा होस्टेलांवर सुतकच होतं. २०२१ मध्ये बीजीएमआय आल्यावर जुना डेटा नेता आला म्हणून काहींचे कपडे-बंदुका वाचल्या, पण जुलै २०२२ मध्ये तोही दुकानांतून गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. पाच वर्षांचा बेत आखताना या तारखा डोळ्यांपुढे ठेवाव्यात.

कायद्यांनीही थोडी मदत केली आहे. जपानात 'कम्प्लीट गाचा' नावाचा प्रकार होता : ठरावीक सहा वस्तू चिठ्ठ्यांतून जमवल्या की सातवी मोठी मिळायची. सहाही सारख्या शक्यतेच्या धरल्या तरी सगळ्या जमायला सरासरी १४.७ चिठ्ठ्या लागतात, आणि त्यातल्या सहा एकट्या शेवटच्या वस्तूसाठी! पाच जमल्यावर कुणी थांबतं का? २०१२ मध्ये तिथल्या ग्राहक विभागाने हा प्रकार बेकायदा ठरवला. चीनने १ मे २०१७ पासून शक्यता जाहीर करणं सक्तीचं केलं, त्याच वर्षाच्या डिसेंबरात अॅपलनेही आपल्या स्टोअरसाठी तोच नियम लावला. म्हणून आज प्रत्येक बॅनरच्या कोपऱ्यात 'डिटेल्स'चं बटण असतं. बॅनरवरचं सुंदर चित्र सगळे बघतात, ते बटण कुणी दाबत नाही. त्यात टक्केवारी लिहिलेली असते, पिटी पुढच्या बॅनरवर जाते की शून्य होते हेही असतं. गेन्शिनच्या पात्रांच्या बॅनरवर ती पुढे जाते. इतर कुठला गेम खेळत असाल तर पहिली चिठ्ठी फाडण्याआधी हे नक्की वाचा, कारण पिटी शून्य होणाऱ्या गेममध्ये अर्धवट सोडलेला बॅनर म्हणजे पाण्यात गेलेला पैसा.

आणि एक बारीकशी गोष्ट, जी नवे लोक हमखास विचारतात. एशिया सर्व्हरचा दिवस आपल्या घड्याळाने रात्री दीडला बदलतो. महिन्याचं दुकानही १ तारखेला त्याच वेळी बदलतं. म्हणजे ३१ तारखेला झोपण्यापूर्वी स्टारडस्ट मोजा, पंच्याहत्तरने भागा, आणि गुलाबी उरले असतील तर घेऊन टाका. निळ्यांचं सकाळी पाहू म्हटलं तर सकाळी नवे आलेले असतील आणि जुने गेलेले.