गावाची शाळा, गावाचे लक्ष

पुणे शहराच्या पश्चिमेस मुळशी तालुका आहे. त्याच्या पूर्व टोकाला हिंजवडीच्या उंच इमारती उभ्या आहेत. पश्चिमेकडे मुळशी धरणाचा विस्तीर्ण जलाशय, ताम्हिणीचा घाट आणि सह्याद्रीचे कडे आहेत. पावसाळ्यात येथे मुसळधार पाऊस कोसळतो, ओढे दुथडी भरून वाहतात. डोंगरउतारावरच्या वाड्यांतून शाळेला येणे धडधाकट मुलांनाही कष्टाचे होते. मग ज्याला चालता येत नाही, दिसत नाही किंवा ऐकू येत नाही, अशा मुलाने काय करावे?

'त्याने घरी बसावे,' असे उत्तर पूर्वी सर्रास दिले जाई. आता कायद्याला ते मान्य नाही. २००९ साली संसदेने शिक्षणहक्काचा कायदा केला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क त्याने दिला. पुढे २०१६ साली दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा झाला. ज्यांचे दिव्यांगत्व ४० टक्के वा त्याहून अधिक आहे, अशा मुलांना ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकता येते. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार मानले होते. आता ते २१ आहेत. बुद्धी चांगली असूनही ज्यांना वाचणे, लिहिणे किंवा हिशेब करणे फार जड जाते, अशी मुलेही त्यांत येतात. अशा मुलांना एके काळी आळशी ठरवून बाकावर उभे केले जाई!

परंतु कायदा राजधानीत होतो आणि मूल वाडीवर राहते. हे अंतर कोणी मिटवावयाचे? त्यासाठी जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यातील निदान ७५ टक्के सभासद विद्यार्थ्यांचे पालक असतात आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात. अध्यक्ष पालकांपैकीच निवडला जातो. मुख्याध्यापक सचिव म्हणून काम पाहतात. २०१२ साली शिक्षणहक्काच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि दिव्यांग मुले वंचित घटकांत गणली जाऊ लागली. त्यामुळे त्यांच्या पालकांनाही समितीत योग्य प्रमाणात स्थान मिळाले. ज्याचे दुःख, त्याचाच शब्द सभेत ऐकला जावा, हा त्यामागील हेतू होय.

समितीची सभा दरमहा भरते. गावातील दिव्यांग मुलांचा शोध लागला का, त्यांची नावे पटावर आली का, त्यांना सोयी मिळतात का, आणि ती शिक्षण पूर्ण करतात का, यांवर लक्ष ठेवणे हे तिचे कर्तव्य आहे.

समजा, एखाद्या वाडीत चाकाच्या खुर्चीवर बसणारी एक मुलगी आहे. तिचे नाव पटावर आहे. शाळेला उतरता रस्ता, म्हणजे रॅम्पही बांधला आहे. कागदावर सारे ठीक दिसते. पण सभेत तिची आई विचारते, "रॅम्प पायरीच्या अलीकडेच संपतो, मग माझ्या मुलीने आत जावे कसे? आणि पाण्याचा नळ इतका उंच का?" या दोन प्रश्नांनी खरी स्थिती उघड होते. समिती ते काम शाळेच्या विकास आराखड्यात घालते आणि पुढच्या सभेत ते झाले की नाही, हे पाहते. देखरेख म्हणतात ती हीच.

काही कामे शाळेच्या आवाक्याबाहेरची असतात. श्रवणयंत्र, ब्रेल लिपीतील पुस्तके, फिरते विशेष शिक्षक यांची तरतूद समग्र शिक्षा योजनेतून होते. त्यासाठी मागणी केंद्रप्रमुखांकडे, तेथून पौड येथील पंचायत समितीच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि पुढे पुणे जिल्हा परिषदेकडे जाते. ग्रामपंचायतीनेही स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी, असा महाराष्ट्रात नियम आहे. ती कोठे खर्च झाली, हे ग्रामसभेत कोणीही ग्रामस्थ विचारू शकतो.

ज्यांचे दिव्यांगत्व तीव्र किंवा एकाहून अधिक प्रकारचे आहे, अशा मुलांना घरी राहून शिकण्याचा हक्कही २०१२ च्या दुरुस्तीने दिला आहे. मात्र तो मुलाच्या सोयीसाठी आहे. शाळेला सबब म्हणून नव्हे. शिक्षक त्या घरी खरोखर जातात का, हेही समितीने विचारले पाहिजे.

इतके करूनही मुलाचा हक्क डावलला गेला, तर स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. तिचा निर्णय ३ महिन्यांत द्यावा, असे कायदा सांगतो. तो निर्णय मान्य नसेल, तर राज्याच्या बालहक्क संरक्षण आयोगाकडे दाद मागता येते.

अर्थात, समिती नेमली म्हणजे काम झाले, असे नाही. न वाचता सही करणारे सभासद असले, तर अहवाल सुंदर होतो आणि मूल उंबऱ्याबाहेरच राहते. विहिरीत पाणी असले, तरी ते शेंदल्यावाचून घागर भरत नाही. कायद्यातील हक्कांचेही तसेच आहे. दरमहा कोणी तरी उठून साधा प्रश्न विचारावा लागतो. आज वर्गात बसलेली मुलेच उद्या पालक होतील आणि या समित्यांवर बसतील. शेजारच्या बाकावरील मित्राला काय अडते, हे आज ज्याच्या ध्यानात येते, तोच उद्या तो प्रश्न विचारील.

स्वाध्याय

१. शाळा व्यवस्थापन समितीत पालकांची संख्या अधिक का ठेवली आहे?
२. 'कागदावर सारे ठीक दिसते,' असे लेखकाने कोणत्या प्रसंगी म्हटले आहे?
३. आपल्या शाळेचे फाटक, वर्ग, नळ व स्वच्छतागृह पाहा. चाकाच्या खुर्चीवरील मुलाला कोठे अडचण येईल, ते दहा ओळींत लिहा.