शिलाजीत आणि सकाळचा थकवा

रायपूर शहराच्या जुन्या भागात बूढ़ातलाव नावाचा विस्तीर्ण तलाव आहे आणि त्याच्या काठी बूढ़ापारा ही वस्ती. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीपासून या शहरात मराठी माणसे नांदत आली आहेत. तलावाच्या काठी पहाटे फिरावयास येणाऱ्या वडीलधाऱ्या मंडळींत मराठी, हिंदी आणि छत्तीसगढी या तिन्ही भाषा कानी पडतात. विषय मात्र बहुधा एकच असतो, तो म्हणजे प्रकृती.

अशाच एका फेरीत आमच्या परिचयाचे एक सेवानिवृत्त शिक्षक म्हणाले, ‘‘सकाळी उठतो तोच थकलेला.’’ सोबत्याने तत्काळ तोडगा सांगितला, ‘‘मास्तर, अनशापोटी हरभऱ्याएवढे शिलाजीत कोमट दुधातून घ्या. चार दिवसांत तरतरी येईल.’’ मास्तरांनी रस्त्यावरच्या एका विक्रेत्याकडून काळा, चिकट गोळा आणला आणि घेऊ लागले.

श्रोतेहो, हे शिलाजीत आहे तरी काय? संस्कृतात त्याला शिलाजतु म्हणतात. जतु म्हणजे लाख. उन्हाळ्यात पर्वताचे खडक तापले की त्यांच्या भेगांतून लाखेसारखा पदार्थ पाझरतो, असे चरकाने वर्णन केले आहे. हिमालयाप्रमाणेच मध्य आशियातील अल्ताई पर्वतातही तो सापडतो; तिकडे त्याला मुमियो म्हणतात. दिसावयास तो राळेसारखा असला तरी झाडाची राळ नव्हे, आणि निव्वळ खनिजही नव्हे. खडकांच्या कपारीत दबलेल्या वनस्पती दीर्घकाळ कुजून त्यांतून ह्युमिक व फुल्विक आम्ले तयार होतात. त्यांत खडकातील लोहादी खनिजे मिसळतात. या मिश्रणाला आपण शिलाजीत म्हणतो.

चरकाने शिलाजिताची थोरवी मुक्तकंठाने गायिली आहे. ही थोरवी विक्रेत्यांना पाठ असते. तिच्यासोबतचे नियम मात्र कोणी सांगत नाही. औषधी काढ्यांच्या भावना द्याव्यात, सात, तीन किंवा एक आठवडा असा काळ ठरवून घ्यावे, जड व विदाही अन्न वर्ज्य करावे, असे ते नियम आहेत. कुळीथ तर कधीच खाऊ नयेत. कारण कुळीथ दगड फोडणारे आणि हे औषध दगडापासून झालेले! कोकणातल्या माणसाला कुळथाच्या पिठल्याचा हा विरह खचितच जड जाईल. चरकाची लहानात लहान मात्रा एक कर्ष, म्हणजे सुमारे एक तोळा आहे. आजच्या काळी कोणीही पोथी पाहून तेवढी मात्रा घेऊ नये. आधुनिक प्रयोगांत दिवसाला सुमारे अर्धा ग्रॅमच शुद्ध शिलाजीत देतात.

त्या प्रयोगांनी काय दाखविले? २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात व्यायाम करणाऱ्या ६३ पुरुषांना आठ आठवडे शिलाजीत किंवा तसेच दिसणारे निरौषध द्रव्य दिले. दिवसाला ५०० मिलिग्रॅम शिलाजीत घेणाऱ्यांच्या स्नायूंचे बळ श्रमानंतर काहीसे कमी घटले. निष्कर्ष आशादायक आहे. पण माणसे थोडी, तीही निरोगी. थकलेल्या, आजारी वृद्धाला त्यावरून हमी देता येत नाही.

दुसरा प्रश्न शुद्धतेचा. कच्च्या शिलाजितात माती, वाळू, बुरशी आणि कधी शिसे व सोमल यांसारखी विषारी द्रव्येही असू शकतात. म्हणून वैद्य ते गरम पाण्यात किंवा त्रिफळ्याच्या काढ्यात विरघळवितात, गाळ खाली बसू देतात आणि वरची निवळी आटवून घेतात. अस्सल शिलाजीत पाण्यात टाकले असता तंतू सोडीत खाली उतरते, ही जुनी परीक्षा प्रसिद्ध आहे. पण पाण्यातले तंतू पाहून शिसे ओळखता येत नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेत बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेली ७० आयुर्वेदीय औषधे तपासली, तेव्हा १४ औषधांत शिसे, पारा किंवा सोमल आढळला. यावरून सारे आयुर्वेद दोषी ठरत नाही. परंतु परवाना क्रमांक व प्रयोगशाळेतील तपासणीचा दाखला नसलेला माल पोटात घालू नये, एवढे निश्चित ठरते.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. थकवा हा रोग नव्हे, ती रोगाची वर्दी आहे. रक्तक्षय, मधुमेह, थायरॉइडचा विकार, अपुरी झोप, मनाची खिन्नता, यांपैकी कोणीही ती धाडलेली असेल. छत्तीसगड आणि विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार पुष्कळ कुटुंबांत आढळतो. या रुग्णांना वारंवार रक्त द्यावे लागले तर शरीरात लोह साठते; अशांनी लोहयुक्त शिलाजीत आपल्या मनाने घेणे धोक्याचे. गर्भवती स्त्रियांनी आणि मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनीही विचारल्यावाचून घेऊ नये.

मास्तरांना पहिले काही दिवस हुशारी वाटली. पुढे तहान वाढली, वजन उतरू लागले. मुलीने आग्रहाने रक्त तपासून घेतले, तेव्हा मधुमेह निघाला. गंमत अशी, की सुश्रुतानेही मधुमेहाच्या चिकित्सेतच शिलाजिताचा विचार केला आहे. मग चुकले कोठे? सुश्रुत आधी रोग ओळखतो आणि मग औषध योजतो. मास्तरांनी औषध आधी घेतले आणि रोग मागाहून ओळखला. मधल्या दोन महिन्यांत मधुमेहाला मोकळे रान मिळाले.

मळक्या वस्त्रावर रंग चढत नाही, तसे शरीर शुद्ध केल्यावाचून रसायन लागू पडत नाही, असा सुश्रुताचा अभिप्राय आहे. आजच्या भाषेत त्याचा अर्थ एवढाच घ्यावा, की पहाटेचा थकवा दोन-तीन आठवड्यांहून अधिक टिकला तर प्रथम रक्त तपासावे, झोप आणि आहार तपासावा. त्यानंतर जाणत्या वैद्याने शिलाजीत सुचविले तर ते अवश्य घ्यावे.

मास्तर आता नियमित औषधे घेतात आणि तलावाला पूर्वीसारख्याच फेऱ्या घालतात. कोणी थकव्याची तक्रार केली, की ते तोडगा सांगत नाहीत. ‘‘रक्त तपासलेत का?’’ एवढेच विचारतात.