भांडण नवऱ्याशी की चक्राशी?

ती पैशाचं विचारते, तो उठून पारावर जातो. तो टाळतो म्हणून ती आणखी विचारते, ती विचारते म्हणून तो आणखी टाळतो. हे चक्र आपल्या ओळखीचंच आहे.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू क्रिस्टेन्सन आणि नील जेकबसन यांनी जोडप्यांच्या समुपदेशनात दोन वाटा एकत्र आणल्या: काही सवयी बदलायच्या, काही स्वभाव समजून स्वीकारायचे. समुपदेशक आधी दोघांना एकत्र भेटतात, मग एकेकट्याला, आणि नंतर हे चक्र दोघांपुढे मांडतात. ‘तुम्ही ऐकतच नाही’ म्हणण्याऐवजी ‘उधारीची मला रात्रभर धास्ती वाटते’ असं सांगितलं, तर समोरच्यालाही ऐकणं सोपं जातं.

पण बायांनो, स्वीकारणं म्हणजे मार सोसणं नव्हे! एकट्या भेटीत मारहाणीबद्दल विचारतात ते यासाठीच. भीतीच्या घरात दोघांना समोरासमोर बसवलं, तर घरी गेल्यावर बाईलाच भोगावं लागतं. म्हणून आधी तिची सुरक्षितता. त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे, १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. मनावर ताण असेल, तर टेली मानसचा १४४१६ हा मोफत नंबर आहे. बचत गटाच्या वहीत दोन्ही नंबर आजच लिहून ठेवा.