जुम्मा दरवाजातले अरब आणि मरफ्याचा ठेका

नागपूरच्या महालातला गांधी दरवाजा म्हणजे पूर्वीचा जुम्मा दरवाजा. डिसेंबर 1817 मध्ये इंग्रजांची फौज इथेच अडली. आतून झुंजत होते नागपूरकर भोसल्यांच्या फौजेतले अरब शिपाई.

भोसले आणि इंग्रज यांच्यातली सीताबर्डीची लढाई 27 नोव्हेंबरलाच आटोपली होती. त्या दिवशी तिथल्या धाकट्या टेकडीवर मुसंडी मारणारेही अरबच. पुढे नागपूरचे राजे अप्पासाहेब भोसले इंग्रज रेसिडेंट जेन्किन्सच्या स्वाधीन झाले, तरी अरब शहर सोडेनात. थकलेला पगार आणि बायकापोरांसह सुखरूप वाट मिळाल्याशिवाय त्यांना हलायचं नव्हतं. 24 डिसेंबरचा जनरल डव्हटनचा हल्ला त्यांनी परतवला आणि बोलणी झाल्यावर, 30 तारखेला, कुटुंबकबिल्यासह ते बाहेर पडले.

बायकापोरं होती, म्हणजे इथे नुसती छावणी नव्हती, संसार होते. लग्नं लागत असणार, रात्री मुलांना दूरदेशीच्या गोष्टी सांगितल्या जात असणार. युद्धाच्या इतिहासात यातलं काही येत नाही, आणि ही उणीव मोठी आहे.

ते जग ऐकायचं तर, अरब शिपायांची वस्ती जिथे टिकली त्या निजामाच्या जुन्या मुलखाकडे, म्हणजे हैदराबाद-मराठवाड्याकडे, वळावं लागतं. दख्खनच्या फौजांतले बरेच अरब यमनच्या हद्रमौत भागातले. तिथल्या टोळ्यांत जामिल गाण्याची रीत आहे: कवीने जागच्या जागी दोन-चार ओळी रचायच्या आणि सगळ्यांनी चालता चालता त्या एका सुरात म्हणायच्या. लढाईला निघताना जामिल, पाहुणा आला तरी जामिल. हैदराबादेत अरब आणि सिद्दी शिपायांनी रुजवला तो मरफा, डफांच्या ठेक्यावरचा वाद्यमेळ. वाजवण्याआधी वादक डफाचं कातडं जाळावर शेकतात, बोटाने टिचकी मारून पाहतात, आवाज टणक झाला की घोळक्यात येतात. मग ठेका चढतो, मधल्या रिंगणात तलवारी नाहीतर काठ्या घेऊन तरुण नाचू लागतात. बारकस या अरब वस्तीतल्या लग्नाच्या वरातीला आजही मरफा लागतो, आणि आता तो सगळ्या शहराचाच झाला आहे.

मराठवाड्यात या शिपायांचे वंशज चाऊश आडनावाने राहतात. 1948 च्या हैदराबादवरच्या पोलीस कारवाईनंतर निजामाच्या राज्यातल्या अनेक अरबांची परत यमनला रवानगी झाली. जे राहिले ते इथलेच झाले. नांदेड-परभणीकडे तुमच्या शेजारी कुणी वयस्क चाऊश असतील, तर त्यांच्या आजोबांच्या गोष्टी आणि घरातली लग्नाची गाणी विचारा, त्यांच्याच आवाजात मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवा. हे काम आत्ताच व्हायला हवं.