खाणमालक, सरकार आणि लोकांचा संशय

आमच्या पुनावळ्याच्या आसपासच्या कारखान्यांत आपण रोज लोखंड पाहतों. परंतु भूमीच्या पोटांतील त्याच्या खनिजाचा धनी कोण, हा प्रश्न क्वचितच मनांत येतो. गोमंतकांत याच प्रश्नावर कित्येक वर्षें खटले चालले.

पोर्तुगीज अमदानींतील खाणींच्या सनदा भारत सरकारनें १९८७ च्या कायद्यानें रद्द करून त्यांचे मुदतीचे पट्टे केले. खाणमालक त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयांत गेले. पुढें पट्टे लिलावानेंच द्यावे, असा वटहुकूम १२ जानेवारी २०१५ रोजीं निघाला. परंतु तत्पूर्वीं राज्य सरकारनें घाईघाईनें अनेक पट्ट्यांची मुदत लिलावावांचून वाढविली होती. सर्वोच्च न्यायालयानें २०१८ मध्यें असे ८८ पट्टे रद्द ठरविले. तो दावा सरकारनें नव्हे, तर गोवा फाउंडेशन या संस्थेनें लावला होता. नंतर वेदान्त कंपनीनें २०३७ पर्यंत मुदत मागितली. ती मागणी २०२१ मध्यें फेटाळली गेली.

संशयाचें मूळ येथेंच आहे. सरकार व खाणमालक न्यायालयांत भांडतात, आणि बाहेर एकमेकांस सांभाळतात, असें लोकांस वाटूं लागलें.

तथापि संशय म्हणजे पुरावा नव्हे. न्यायालयाचें दार धनिकास बंद झालें, तर उद्यां तें गरिबासही बंद होईल. खाणी थांबल्या तेव्हां अनेक मजुरांची रोजी बुडाली, हेंही विसरूं नये. यास्तव असा खटला वृत्तपत्रांत वाचाल तेव्हां एवढेंच विचारा: ठेव कोणाची, मुदत किती, आणि पट्टा उघड लिलावानें दिला कीं बंद दाराआड?