तळणीच्या तेलावर विमान

लेखांक ७

गेल्या आठवड्यात आपण साखर कारखान्याच्या प्रेसमडपाशी, म्हणजे उसाचा रस गाळून उरणाऱ्या गाळापाशी, थांबलो होतो. आज कढईपाशी येऊ.

वड्यांचे घाणे निघत राहतात तसं तेल काळपट, दाट होत जातं, फेस धरू लागतं. गल्लीच्या तोंडापर्यंत वास येतो, तरी आपण वडे खातोच! अशा तेलात ‘ध्रुवीय संयुगं’ साठत जातात. त्यांचं प्रमाण २५ टक्क्यांवर गेलं की ते तेल खाण्यात वापरायचं नाही, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. मग त्याचं करायचं काय? त्याच वर्षी १० ऑगस्टला, म्हणजे जैवइंधन दिनी, प्राधिकरणाने ‘रुको’ ही योजना आणली. हे तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवायचं, असा तिचा बेत.

तेलाच्या रेणूत ग्लिसरीनच्या कण्याला तीन लांब साखळ्या लटकलेल्या असतात. मिथेनॉल आणि थोडा अल्कली घालून तेल तापवलं की साखळ्या सुटून मिथेनॉलला चिकटतात. जड ग्लिसरीन तळाशी बसतं, वर उरतं ते बायोडिझेल. अडचण एकच, पण चिवट. तळणीत काही साखळ्या आधीच सुटलेल्या असतात. अल्कलीशी गाठ पडली की त्यांचा साबण होतो आणि सगळा घाणा फसफसतो. म्हणून असं तेल आधी गाळून, त्यातलं पाणी काढून, आम्लाची प्रक्रिया करून घ्यावी लागते.

डिझेलमध्ये मिसळून हे इंधन ट्रकला चालतं. विमानाला मात्र नाही. थंडीत खोबरेल तेलाची बाटली आपण उन्हात नेऊन ठेवतो. वर आभाळात ती सोय नाही. विमानाचं नेहमीचं इंधन उणे ४७ अंशांपर्यंत गोठता कामा नये, अशी अट असते. बायोडिझेल त्याच्या कितीतरी आधी थिजतं. त्यामुळे विमानासाठी दुसरी वाट धरावी लागते. तेलावर दाबाखाली हायड्रोजन सोडतात. त्यातला ऑक्सिजन पाणी आणि कर्बवायू होऊन निघून जातो. उरलेल्या सरळ साखळ्यांना मग फांद्या फोडतात. सरळ काटक्यांची मोळी घट्ट बसते, वेड्यावाकड्या काटक्यांची बसत नाही. रेणूंचंही तसंच, म्हणून इंधन थिजत नाही.

साध्या इंधनात असं इंधन निम्म्यापर्यंत मिसळायला परवानगी आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हर्जिन अटलांटिकचं एक विमान लंडनहून न्यूयॉर्कला गेलं, ते मात्र पूर्णपणे अशा पर्यायी इंधनावर. त्यातला मोठा वाटा टाकाऊ तेल-चरबीचा होता. आपल्याकडे इंडियन ऑइलच्या पानिपत रिफायनरीला वापरलेल्या तेलापासून विमान इंधन बनवण्याचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र २०२५ मध्ये मिळालं.

रसायन जमलं. मला काळजी वाटते ती जुनं तेल गोळा करायच्या डब्याची. रोज ५० लिटरहून जास्त तेल तळणीला वापरणाऱ्यांनी त्याची नोंद ठेवायची आहे. कोपऱ्यावरचा वडेवाला त्यात बसत नाही. शिवाय त्याच्या कढईत तेल उरतंच कुठे? कमी झालं की तो वरून ताजं ओततो, जुनं वड्यांबरोबर आपल्या पोटात जातं. जे थोडं उरतं ते गोळा करायला टेम्पो दारोदार फिरवावा लागतो आणि कढईतलं तेल विकत घेणाऱ्या दुसऱ्या टपरीपेक्षा जास्त भाव द्यावा लागतो. भाव वाढवला तर आणखी एक गंमत होते. युरोपने विमानांसाठी २०२५ पासून २ टक्के आणि २०३० पासून ६ टक्के शाश्वत इंधनाची सक्ती केली आहे, त्यामुळे जुन्या तेलाला तिथे चांगली मागणी आहे. ताजं पामतेलच ‘वापरलेलं’ म्हणून खपवलं जातंय की काय, असा संशयही तिथे घेतला जातो. डब्यातलं तेल खरंच कढईतून आलंय का, हे तपासणं सोपं नाही.

मे २०२३ मध्ये पुण्याहून दिल्लीला एक विमान गेलं. त्याच्या इंधनात देशात बनलेला जैविक अंश मिसळला होता, पण तो तेलापासून केलेला नव्हता, तर अल्कोहोलपासून. पुण्याच्या प्राज कंपनीचा त्यात हात होता. उसापासून विमानापर्यंतची ती वाट पुढच्या आठवड्यात.